पिशवी काढायची की ठेवायची? आणि काढायचीच, तर कोणत्या वाटेने?



वर्षावासाचे तीन महिने आपल्या वस्त्यावस्त्यांतून ग्रंथवाचन चालते. दिवसभर निंदण-खुरपण करून, चुलीपुढे भाकरी थापून, पांढरी साडी नेसून आमच्या माय-बहिणी वेळेवर विहारात हजर असतात. वाचन संपते, वंदना होते आणि मग ओट्यावर बसून ज्या गोष्टी निघतात, त्यांतूनच या सदराचे निम्मे विषय आम्हांला मिळतात. आजचा विषयही तसाच मिळाला.

चिखली तालुक्यातील एका गावी आम्ही गेलो होतो. वाचन आटोपल्यावर एका ताईने पदराखालून सोनोग्राफीचा कागद काढून आमच्या हाती दिला. वय छत्तीस. पती बाजार समितीत हमाल, स्वतः शेतमजूर. ताई हळू आवाजात म्हणाली, "पाळी पंधरा-पंधरा दिवस जाते. खाजगीतले डॉक्टर म्हनते पिशवीला सूज आली, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर व्हईल. सोयाबीन सोंगायच्या आधी उरकून घ्या म्हनते. बचत गटातून पैसे उचलू का?"

शेजारची एक वहिनी लगेच बोलली, "काढून टाक ना माय! मी बारा वर्षांमागं काढली. लेकरं झाले, नसबंदी झाली, मग ठेवून काय करायचं?" पण याच वहिनीच्या गुडघ्यांना आणि कमरेला चाळिशीतच कळा लागल्या, अंगातून वाफा निघू लागल्या, रात्रीची झोप गेली, हेही तिनेच पुढे सांगितले. दोन्हीचा संबंध असू शकतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तिसरी एक आजी त्या वेळी काही बोलली नाही. आम्ही निघालो तशी वेशीपर्यंत मागे आली आणि म्हणाली, "माझं अंग बाहेर येते. नऊ वर्षं झाले. कोनाले सांगू?"

एकाच ओट्यावरच्या या तिघी. एकीची पिशवी बहुधा काढण्याची गरज नाही आणि ती कर्ज काढून काढावयास निघाली आहे. एकीची काढून झाली, पण काय काय काढले ते तिला ठाऊक नाही. एकीला खरोखर उपचाराची गरज आहे आणि ती लाजेपायी गप्प आहे. या तिघींसाठी आणि त्यांच्यासारख्या घाटावरच्या व घाटाखालच्या सगळ्या माय-बहिणींसाठी आजचे हे लिखाण आहे.

पिशवी रिकामी नसते

आपण जिला पिशवी म्हणतो ते गर्भाशय होय. ते पेरूएवढे असते. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मध्ये हे, अशी त्याची जागा. दोन्ही बाजूंना दोन नळ्या आणि बदामाएवढे दोन अंडाशय असतात. गर्भ गर्भाशयात वाढतो. पण बाईच्या शरीराची हाडे, हृदय, त्वचा आणि झोप सांभाळणारे रस अंडाशय तयार करतात. लेकरे झाली, नसबंदी झाली म्हणून हे काम थांबत नाही. पाळी जाण्याच्या वयापर्यंत अंडाशय हे काम करीतच असतात, आणि पाळी गेल्यावरही थोडेफार करतात.

नुसते गर्भाशय काढले आणि अंडाशय ठेवले, तरी काही बायांची पाळी जाण्याची लक्षणे वेळेआधी सुरू होतात. अंडाशयही काढले, तर ती एका दिवसात सुरू होतात. अंगातून वाफा येणे, घाम फुटणे, चिडचिड, हाडे ठिसूळ होणे हे सर्व त्यामागून येते. पस्तिशीतल्या बाईचे अंडाशय काढले तर तिला हृदयविकाराचाही धोका वाढतो. जिला पुढची पंचवीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात वाकून काम करावयाचे आहे, तिने हाडांचा विचार करायला नको काय?

केव्हा काढावी लागते, केव्हा नाही?

कॅन्सर झाला असेल तर प्रश्नच नाही, ती गोष्ट वेगळी. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना आणि जीव वाचवण्यासाठी काढावी लागली, तर तेथेही विचार करीत बसण्याची वेळ नसते. आम्ही बोलत आहोत ते कॅन्सर नसलेल्या आजारांविषयी. अशी कारणे मुख्यतः चार.

पहिले, पाळीत अतिशय रक्त जाणे. दुसरे, गर्भाशयातील साध्या गाठी, ज्यांना डॉक्टर फायब्रॉईड म्हणतात. तिसरे, गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढून पाळीत असह्य दुखणे. चौथे, अंग बाहेर येणे.

या चारहींवर पिशवी काढणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

रक्त फार जात असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावे, थायरॉईड तपासावे. पाळीच्या दिवसांत घ्यावयाच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात. हार्मोनच्या गोळ्या असतात. हार्मोन असलेली एक तांबीही मिळते. ती पिशवीत बसवली की पाच वर्षे आणि त्याहून अधिक काळ काम करते, आणि बहुतेक बायांचा रक्तस्राव पुष्कळ कमी करते. क्युरेटिंग करून अस्तर तपासता येते. गाठी लहान असतील आणि त्रास देत नसतील तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही, कारण पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आकसतात. त्रास देणारी गाठ तेवढी काढून पिशवी ठेवताही येते.

आता दोन शब्द नीट लक्षात ठेवा. सोनोग्राफीच्या कागदावर 'बल्की युटेरस' लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की गर्भाशय जरा मोठे दिसते. दोन-चार बाळंतपणे झालेल्या बाईचे ते थोडे मोठे असणारच. दुसरा शब्द 'पिशवीच्या तोंडाला जखम'. पुष्कळदा ती जखम नसतेच, आतले लाल अस्तर बाहेर डोकावत असते. तिच्यासाठी पिशवीच्या तोंडाची तपासणी करावी, आणि ती चांगली निघाली तर निश्चिंत राहावे. अंगावर पांढरे जाणे हे तर बहुधा जंतूंमुळे असते. ते गोळ्यांनी जाते. नवरा-बायको दोघांनी औषध घ्यावे लागेल का, ते डॉक्टरांना विचारावे. पांढरे जाते म्हणून पिशवी काढणे म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर पाडणे होय.

आणि कॅन्सरची भीती? "आज काढली नाही तर उद्या कॅन्सर होईल" असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे विचारावे, "कोणत्या तपासणीत तसे दिसले? कागद द्या." मात्र एक गोष्ट आम्ही ठळक अक्षरांत सांगतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर एक दिवसही न दवडता तपासणी करावी. तेथे भीती रास्त आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती होते आणि तिला थोडाच वेळ लागतो.

बीडचा धडा

हे सारे इतके कळकळीने का सांगतो, ते जालन्याच्या पलीकडे बीड जिल्ह्यात काय घडले त्यावरून कळेल.

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि खाड्याचा दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांत पोट दुखले तरी खाडाच. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, पाणी नाही. मग जंतूंचा त्रास, पांढरे जाणे, दुखणे. दवाखान्यात गेले की उत्तर एकच, पिशवी काढा. तेवढ्यासाठी पुन्हा उचल घ्यावयाची आणि ती फेडण्यासाठी पुन्हा फडावर जावयाचे.

२०१९ साली वर्तमानपत्रांतून याचा बोभाटा झाला. विधिमंडळात प्रश्न आला. तीन वर्षांत त्या एका जिल्ह्यातील ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली, असा आकडा पुढे आला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायांमागे एक! आणि देशाच्या २०१९-२१ च्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांमागे हे प्रमाण तीनच्या आसपास होते. त्याच पाहणीत देशभर दोन-तृतीयांशाहून अधिक शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या दिसल्या, आणि त्यांतील निम्म्या बाया शस्त्रक्रियेच्या वेळी पस्तिशीच्या आतल्या होत्या.

हे लोण एकट्या बीडचे नव्हते. राजस्थान, बिहार, छत्तीसगड येथील अशाच गरीब, दलित, आदिवासी स्त्रियांच्या शस्त्रक्रियांविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अंमलात आणावीत असे बजावले. जिल्ह्याच्या पातळीवर देखरेख समिती असावी, हे त्या तत्त्वांतच आहे. आपल्या महिला मंडळांनी बुलढाण्यास जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटून ही समिती काय काम करते ते विचारावे. विचारणे हा आपला हक्क आहे.

काढावीच लागली तर तीन वाटा

सर्व उपाय झाले, गुण आला नाही, दोन डॉक्टरांचे मत एक पडले, तर शस्त्रक्रियेला घाबरू नये. योग्य वेळी, योग्य हातांनी केलेली ही शस्त्रक्रिया बाईला वर्षानुवर्षांच्या त्रासातून सोडवते. मात्र पुढचा प्रश्न तितकाच मोठा आहे आणि तो आपल्या बाया कधी विचारीतच नाहीत. तो म्हणजे, पिशवी कोणत्या वाटेने काढणार?

पोट उघडून. ही सर्वांच्या ओळखीची वाट. ओटीपोटावर आडवा किंवा उभा मोठा छेद घेतात. दवाखान्यात चार-पाच दिवस मुक्काम, अंगात ताकद येण्यास सहा ते आठ आठवडे. गर्भाशय फारच मोठे झाले असेल, आत सगळे चिकटून बसले असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर ही वाट घ्यावीच लागते. पण सरसकट सर्वांना नव्हे.

खालून, म्हणजे योनीमार्गे. पोटावर छेद नाही, टाके दिसत नाहीत. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करून ही शस्त्रक्रिया होऊ शकते, पूर्ण भूल लागतेच असे नाही. महागडी यंत्रे लागत नाहीत. दुखणे कमी, मुक्काम कमी, बाई लवकर कामाला लागते. अंग बाहेर आले असेल तर ही वाट सोयीची हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पिशवी जागेवर असतानाही ती खालून काढता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी ही पद्धत आयुष्यभर केली, शिकवली आणि तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे २००० ते २००३ या काळात ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष होते. म्हणजे ही विद्या परदेशातून आणावयाची नाही, ती आपल्या महाराष्ट्रातच आहे. आधी सीझर झाले आहे एवढ्या एका कारणावरून ही वाट बंद होत नाही. ते डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे असते.

दुर्बिणीतून. पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडतात, पोटात वायू भरून जागा करतात आणि दुर्बिणीतून पाहत शस्त्रक्रिया करतात. सुटे झालेले गर्भाशय बहुधा खालूनच काढून घेतात. आपल्या बाया नसबंदीमुळे दुर्बिणीला ओळखतात, पण ही शस्त्रक्रिया तितकी छोटी नाही. पूर्ण भूल लागते, वेळ अधिक लागतो, यंत्रे लागतात आणि मुख्य म्हणजे हात सरावलेला असावा लागतो. मूत्राशयाला किंवा किडनीकडून येणाऱ्या लघवीच्या नळीला इजा होण्याचा धोका या वाटेत थोडा अधिक असतो. फायदा असा की पोट उघडण्यापेक्षा बाई पुष्कळ लवकर बरी होते. मोठी गाठ आत यंत्राने बारीक करून काढणार असतील तर आधी सगळ्या तपासण्या झाल्या आहेत का ते विचारावे. लपलेला कॅन्सर असल्यास तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली दिला होता.

मोठ्या शहरांतून आता यंत्रमानवाच्या हातांनीही ही शस्त्रक्रिया करतात. खर्च मोठा. साध्या आजारासाठी दुर्बिणीपेक्षा तिचा निश्चित जास्त लाभ दिसलेला नाही. म्हणून तिच्यामागे लागून शेत-घर गहाण टाकू नये.

या वाटांपैकी चांगली कोणती, याचा जगभरातील डॉक्टरांनी पडताळा घेतला आहे. कॉक्रेन नावाची संस्था निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकत्र करून तपासते. २०२३ साली तिने साठाहून अधिक चाचण्या आणि सहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती पुन्हा पाहिली. निष्कर्ष साधा आहे. शक्य असेल तेथे खालून काढावी. ते शक्य नसेल तर दुर्बिणीतून. आणि दोन्ही शक्य नसतील तरच पोट उघडावे. पोट उघडलेल्या बाईपेक्षा खालून शस्त्रक्रिया झालेली बाई सुमारे दहा दिवस आधी आपल्या रोजच्या कामाला लागते.

दहा दिवस! नोकरदार बाईला रजा मिळते, तिला हा फरक कदाचित जाणवणार नाही. रोजाने जाणाऱ्या बाईला हे दहा दिवसांचे रोज आहेत. सोंगणीच्या किंवा कपाशी वेचणीच्या हंगामात ते वर्षभराच्या किराण्याचे पैसे असतात. म्हणूनच आम्ही म्हणतो, शस्त्रक्रियेची वाट कोणती, हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत जितका महत्त्वाचा, तितकाच आपल्या चुलीपाशी महत्त्वाचा आहे.

सही कोणाची?

सज्ञान बाईच्या शरीरावरील शस्त्रक्रियेला तिची स्वतःची सही लागते. नवऱ्याची, सासूची, भावाची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. दिल्लीत एक ४४ वर्षांच्या बाई फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या. त्यांना भूल दिलेली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना बाईला विचारल्यावाचून असे करता येत नाही.

तेव्हा भगिनींनो, अंगठा उठवण्याआधी कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिकावयास सांगितले ते याचसाठी. आणि डॉक्टरांना पुढील प्रश्न विचारा:

१. माझा आजार नेमका कोणता? त्याचे नाव कागदावर लिहून द्या.
२. पिशवी न काढता कोणता उपाय आहे? तो मी किती महिने करून पाहू?
३. काढावयाचीच तर खालून का नाही? दुर्बिणीतून का नाही?
४. अंडाशय ठेवणार का? काढणार असाल तर कारण काय?
५. काढलेला भाग तपासणीला पाठवणार ना? त्याचा अहवाल मला मिळेल ना?
६. एकूण खर्च किती? सरकारी योजनेत बसते का?

प्रश्न विचारल्याने कोणाही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. जो रागावतो त्याच्या दारातून उठावे. आपल्यासाठी दरवाजे पुष्कळ आहेत. बुलढाण्याला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. खामगावला सरकारी रुग्णालय आहे. अवघड प्रकरणासाठी अकोल्याचे सरकारी महाविद्यालय आणि संभाजीनगरची घाटी आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील दवाखान्यांत आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटावे, मग सावकाराला नव्हे तर डॉक्टरांना भेटावे.

बंधूंनो, तुमच्यासाठीही

शस्त्रक्रिया कोणत्याही वाटेने होवो, पहिले सहा आठवडे बाईने हंडा उचलू नये, पोते उचलू नये, संबंध टाळावा. थोडे डागाळणे चालते. पण ताप, दुर्गंधी, खूप रक्त, नकळत लघवी गळणे, पाय सुजून दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हे सहा आठवडे पाणी कोण भरणार? भाकरी कोण थापणार? घरातील पुरुषाने! यात कमीपणा तो कसला?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाजू मांडली, आणि १९२९ साली तसा कायदा झाला. कामगार स्त्रीच्या शरीराला विसावा हवा, हे त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत सांगितले. त्यांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात ताज्या टाक्यांची बाई हापशावर उभी दिसू नये.

आणखी एक. पिशवी काढली म्हणजे बाई बाई राहिली नाही, असे काही जण बोलतात. हे अज्ञान आहे. संसार, प्रेम, संबंध यांपैकी काहीही त्यामुळे संपत नाही.

लपवू नका

आता त्या वेशीपर्यंत आलेल्या आजीकडे वळतो. अशा आजी किती असतील? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती जगप्रसिद्ध लॅन्सेट नियतकालिकात छापून आली. शंभरांतील ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अंगाची तपासणी झालेल्या होत्या शंभरांत अवघ्या आठ. म्हणजे एकीकडे पिशव्या निष्कारण काढल्या जातात आणि दुसरीकडे खऱ्या आजारी बायांकडे कोणी पाहतही नाही. दोन्हींचे मूळ एक आहे. बाईचे दुखणे नीट ऐकून घेणारे कोणी नाही, आणि बाई ते सांगतही नाही.

विनयपिटकात भगवान बुद्धांची एक गोष्ट आहे. पोटाच्या आजाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले आणि संघाला समज दिली की रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा. त्याच ठिकाणी चांगला रुग्ण कोण हेही सांगितले आहे. आपली काळजी घेणाऱ्यापासून जो आपला आजार लपवत नाही, जसा आहे तसा सांगतो, तो चांगला रुग्ण. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वैद्यकशास्त्र आमच्या माय-बहिणींनी पदराच्या गाठीला बांधावे. आणि कालामांना दिलेला उपदेश तर सर्वांना पाठ आहे. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. तो उपदेश दवाखान्याच्या पायरीवरही लागू आहे.

आम्ही पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा तिघीही ओट्यावर होत्या. सोनोग्राफीवाली ताई सरकारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. हिमोग्लोबिन सात निघाले. लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या गोळ्या सुरू झाल्या, तिसऱ्या महिन्यात पाळी पाच दिवसांवर आली. बचत गटाचे पैसे गटातच राहिले आणि सोयाबीन तिने आपल्या हाताने सोंगले. बारा वर्षांपूर्वी पिशवी काढलेल्या वहिनीने जुना कागद शोधून दाखवला. त्यात अंडाशयही काढल्याची नोंद होती. आता तिची हाडांची तपासणी झाली आहे, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. उशीर झाला खरा, पण कारण तरी कळले.

आणि आजी? तिला सुनेने नेले. डॉक्टरांनी आधी आधाराची रिंग बसवून पाहिली, ती टिकली नाही. मग खालून शस्त्रक्रिया झाली. पोटावर एकही टाका नाही. आजी आम्हांला म्हणाली, "नऊ वर्षं उगीच लाजली मी." तिने हे मोठ्याने म्हटले, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असे. आणि तिच्या मागे बसलेली आणखी एक बाई उठून आमच्याजवळ आली.

जय भीम!